रेषीय फेज मॉड्युलेटर: दोन रेडियन एकाच डायोडकडून मागू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फेज मॉड्युलेटर, म्हणजे संदेशाच्या व्होल्टेजनुसार कॅरियर लहरीची फेज पुढे-मागे सरकवणारं सर्किट, बनवायचं आहे. कॅरियर ८.२ गिगाहर्ट्झ, बेसबँड (चढवायचा संदेश) डीसी ते ५० मेगाहर्ट्झ, शिखर विचलन (फेज मध्यापासून जास्तीत जास्त किती सरकते ते) ±२ रेडियन आणि रेषीयता २ टक्क्यांच्या आत हवी. ९० अंशांचा एक हायब्रिड (संकेत ९० अंशांच्या फरकाने दोन वाटांत विभागणारा घटक) आणि दोन व्हॅरॅक्टर डायोड (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारे) घेऊन सिम्युलेशन केलं, तर ±अर्ध्या रेडियनपर्यंत आलेख सरळ येतो आणि पुढे वाकतो. बायस (डायोडवरचं स्थिर व्होल्टेज) आणि इंडक्टर दोन्ही ऑप्टिमायझरच्या हवाली करूनही फरक पडला नाही. मग कोणता डायोड घ्यावा?

डायोड बदलून हे सुटणार नाही. तुमचा ऑप्टिमायझरही चुकत नाहीये. एका टप्प्याला (एक हायब्रिड आणि त्याचे दोन डायोड) जे जमत नाही ते तुम्ही त्याच्याकडून मागताय. आधी हे का ते बघू, कारण ते कळलं की बाकीची रचना जवळजवळ आपोआप ठरते.

एक खुलासा आधीच करतो, कारण विद्यार्थी इथे हमखास अडकतात. ‘लिनिअर फेज’ हा शब्द फिल्टरच्या संदर्भात आला की त्याचा अर्थ फ्रिक्वेन्सीनुसार फेज सरळ रेषेत बदलणं, म्हणजे ग्रुप डिले (संकेताला लागणारा विलंब) स्थिर असणं. इथे मात्र दिलेल्या व्होल्टेजनुसार फेज सरळ रेषेत बदलणं अपेक्षित आहे. वाइडबँड मॉड्युलेटरला दोन्ही लागतात, पण दोन्हीची दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. (मराठी पाठ्यपुस्तकांत फेजला ‘कला’ म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र कुणाच्या तोंडी तो शब्द मी ऐकलेला नाही, म्हणून इथेही फेजच.)

हायब्रिडच्या दोन टोकांना सारख्याच दोन रिॲक्टन्स (कपॅसिटर-इंडक्टरचा एसीला होणारा विरोध) लावल्या की परावर्तित लहरीची फेज बदलते. रिॲक्टन्सला ५० ओहमने भागून जी संख्या येते तिच्या टॅन इन्व्हर्सची दुप्पट, एवढा हा बदल असतो. व्हॅरॅक्टरच्या मालिकेत इंडक्टर लावून मध्यबिंदूवर दोघांची रिॲक्टन्स एकमेकींना रद्द करून शून्य केली की आपण या वक्राच्या सगळ्यात सरळ भागात बसतो. हायपरअब्रप्ट डायोडचा (जास्त वेगाने बदलणाऱ्या व्हॅरॅक्टरचा) गामा, म्हणजे व्होल्टेज वाढल्यावर कपॅसिटन्स कोणत्या घाताने घटतो तो आकडा, १ च्या आसपास असेल, तर त्याची रिॲक्टन्स व्होल्टेजच्या जवळजवळ सरळ प्रमाणात वाढते. मग उरतो तो फक्त टॅन इन्व्हर्सचा वाकडेपणा, आणि तो घनाच्या प्रमाणात वाढतो.

आता आकडे. सर्वोत्तम सरळ रेषेपासूनचं विचलन मोजलं, तर ±०.५ रेडियनला चूक साधारण ०.५५ टक्के येते आणि ±१ रेडियनला २.२ टक्के. ±२ रेडियनचं काय, तर त्यासाठी रिॲक्टन्स मध्यापासून दोन्ही बाजूंना ७८ ओहम हलावी लागते. तुमचा मध्यबिंदूचा डायोड अर्धा पिकोफॅरडचा आहे. ८.२ गिगाहर्ट्झवर त्याची रिॲक्टन्स ३९ ओहम भरते. ३९ मधून ७८ वजा करायचे, म्हणजे एका टोकाला ऋण कपॅसिटन्स लागेल. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

±१ रेडियनसुद्धा सोपं नाही. त्यासाठी त्याच डायोडला साधारण ०.३ ते १.७ पिकोफॅरड फिरावं लागतं, म्हणजे जवळजवळ सहापट. ±०.५ रेडियनला मात्र ०.३८ ते ०.७५ पुरतं, दुपटीत काम भागतं. सहापट फिरणारे डायोड मिळतात. पण एवढ्या पट्ट्यात गामा स्थिर राहत नाही, आणि कमी व्होल्टेजच्या टोकाला सिरीज रेझिस्टन्सही वाढतो. कॅटलॉगमधला ‘गामा १’ हा मधल्या काही व्होल्टपुरताच खरा असतो, हे लक्षात ठेवा.

उपाय म्हणजे वाटणी. चूक घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून विचलन चार टप्प्यांत वाटलं की प्रत्येकाची चूक ६४ पटीने घटते. चारांची बेरीज केली तरी एकूण चूक १६ पटीने कमीच. तुमच्या बाबतीत प्रत्येकी ±०.५ रेडियनचे चार टप्पे घेतले, तर टॅन इन्व्हर्समुळे येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहील आणि उरलेला दीड टक्का बाकीच्या दोषांसाठी हाताशी असेल. तीन टप्प्यांत ही चूक १ टक्का होते. कागदावर तेही चालतं, पण मी चारच घेईन. कागदावर शिल्लक दिसणारा एक टक्का बोर्डवर कुठे जातो ते पुढे येईलच.

हेच गणित गुणकालाही (फ्रिक्वेन्सी काही पटींनी वाढवणाऱ्या सर्किटला) लागू पडतं. २.०५ गिगाहर्ट्झवर ±०.५ रेडियनचा एकच टप्पा बांधायचा आणि पुढे फ्रिक्वेन्सी चौपट करायची. फेजही चौपट होते, ±२ रेडियन मिळतात आणि टक्केवारीतली चूक तेवढीच राहते. एडविन आर्मस्ट्राँगने १९३०च्या दशकात एफएमसाठी हेच केलं होतं. कमी फ्रिक्वेन्सीवर अगदी थोडं, पण सरळ फेज मॉड्युलेशन करायचं आणि मग गुणकांच्या साखळीने ते हजारो पटींनी वाढवायचं. मग आपणही ३२ पट का करू नये? कारण त्याचा बेसबँड आवाजाचा होता, काही किलोहर्ट्झचा. तुमचा ५० मेगाहर्ट्झचा आहे. कार्सनच्या नियमाने (मॉड्युलेशननंतरच्या रुंदीचा ढोबळ अंदाज) ±२ रेडियनला शेवटचा स्पेक्ट्रम ३०० मेगाहर्ट्झ रुंद होतो. ३२ पटींसाठी सुरुवात २५६ मेगाहर्ट्झवरून करावी लागेल, म्हणजे गुणकातून बाहेर पडणाऱ्या शेजारच्या हार्मोनिक दोन्ही बाजूंना २५६ मेगाहर्ट्झवरच येणार. प्रत्येकाचा पसारा ३०० च्या घरात, म्हणजे ते एकमेकांत घुसतात. त्यांना वेगळं करणारा फिल्टर जगात कुठेच मिळणार नाही. चौपटीत हे अंतर २.०५ गिगाहर्ट्झ राहतं, तिथे चिंता नाही. फेज नॉईज (ऑसिलेटरच्या फेजची थरथर) मात्र १२ डीबीने वाढतो, आणि गुणकामागच्या फिल्टरचा ग्रुप डिले ३०० मेगाहर्ट्झभर सपाट ठेवावा लागतो. थेट ८.२ वर चार टप्पे की २.०५ वर एक टप्पा आणि चौपट, हा निर्णय तुमच्या ऑसिलेटरवर सोपवा. ८.२ चा स्वच्छ स्रोत आधीच हाताशी असेल, तर मी थेट वरच मॉड्युलेट करेन. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे ८.२ गिगाहर्ट्झच्या चार टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे साधा ब्रँचलाइन हायब्रिडसुद्धा पुरतो. लँग कपलर या जास्त रुंद पट्ट्याच्या हायब्रिडच्या बारीक तारा जोडत बसायची गरज नाही.

गामा नेमका १ नसेल, आणि तो नसतोच, तर वक्रात वर्गाचं पद येतं आणि फेजमध्ये दुसरी हार्मोनिक दिसू लागते. इथे बरेच जण प्री-डिस्टॉर्शनकडे (ड्राइव्हच आधी उलट वाकवून देण्याकडे) धावतात. त्याआधी फुकटचा उपाय करून बघा. गामा १ पेक्षा जास्त असेल, तर डायोडचा वक्र वरच्या दिशेने वाकतो. टॅन इन्व्हर्स मध्यापासून जरा कपॅसिटिव्ह बाजूला सरकलं की खालच्या दिशेने वाकतं. म्हणून इंडक्टर रेझोनन्सला लागतो त्यापेक्षा किंचित कमी ठेवा, मग दोन्ही वाकडेपणे एकमेकांना खातात. गामा १ पेक्षा कमी असेल तर उलट. तुमच्या ऑप्टिमायझरनेही हेच शोधलं असतं, पण त्याच्यापुढे ±२ रेडियनचं अशक्य ध्येय ठेवल्यावर तो बिचारा कुठे बघणार?

इंडक्टर म्हटलं की ८.२ गिगाहर्ट्झवर तो घटक उरतच नाही, तो तारेचा तुकडा असतो. ३९ ओहमसाठी ०.७५ नॅनोहेन्री लागतं. बारीक बॉण्ड वायर ढोबळमानाने मिलिमीटरला एक नॅनोहेन्री देते. म्हणजे पाऊण मिलिमीटर तार झाली की संपलं. तीत एक दशांश मिलिमीटरची चूक झाली, तर ५ ओहम हलतात आणि मध्यबिंदूची फेज ११-१२ अंशांनी सरकते. प्लॅस्टिक पॅकेजमधल्या डायोडच्या पायांतच एवढं इंडक्टन्स असू शकतं. म्हणून इथे पॅकेज नसलेला बेअर चिप किंवा बीम-लीड डायोड घ्या. एका हायब्रिडवरचे दोन्ही डायोड एकाच वेफरमधले हवेत. ते जुळले नाहीत तर फरकाचा भाग इनपुटकडे परत फिरतो आणि आधीच्या टप्प्याशी भांडत बसतो.

हे भांडण किती महाग पडतं बघा. दोन शेजारच्या टप्प्यांचा रिटर्न लॉस (परत फिरणारी लहर मूळ लहरीपेक्षा किती खाली आहे ते) प्रत्येकी १५ डीबी असेल, तर मधल्या मागेपुढे होणाऱ्या लहरीमुळे फेजमध्ये ±१.८ अंशांची लहर उठते. मॉड्युलेशनबरोबर ती हलतेही. ±२ रेडियनच्या दोन टक्क्यांचं तुमचं बजेट म्हणजे २.३ अंश, आणि त्यातले १.८ अशा एकाच जोडाने खाल्ले. दोन टप्प्यांमध्ये ३ डीबीचा पॅड (संकेत क्षीण करणारं रोधकांचं जाळं) टाकला की लहर निम्मी होते. चार टप्प्यांचा आणि पॅडचा मिळून दहा-बारा डीबी लॉस होईल. होऊ द्या. लॉस ॲम्प्लिफायरने भरून काढता येतो, लहर नाही.

पॉवर मात्र मॉड्युलेटरच्या आधी चढवू नका. ० डीबीएम (१ मिलिवॉट) इनपुटला प्रत्येक डायोडवर आरएफचं, म्हणजे कॅरियरचं, शिखर साधारण ०.३५ व्होल्ट येतं. १० डीबीएमला ते १.१ व्होल्ट होतं, आणि मग आरएफ स्वतःच बायस हलवायला लागतं.

आता ॲम्प्लिट्यूडचं मॉड्युलेशन, जे कुणालाच नको असतं. डायोडचा सिरीज रेझिस्टन्स २ ओहम धरला, तर रेझोनन्सवर ०.७ डीबी लॉस होतो आणि रेझोनन्सपासून दूर गेलं की तो कमी होतो. ±०.५ रेडियनच्या टप्प्यात हा फरक फक्त ०.०४ डीबी, पण ±१ रेडियनला ०.१६. वाटणीचा हा आणखी एक फायदा. उरलेलं घालवण्यासाठी एक जुनी युक्ती आहे, आणि तिच्यामागचं गणित मला फार आवडतं. संपूर्ण टोकाला, म्हणजे डायोड आणि इंडक्टर या दोघांच्या मिळून समांतर, एक रोधक लावा. रेझोनन्सवर टोकाचं व्होल्टेज जवळजवळ शून्य, म्हणून रोधक तिथे काहीच खात नाही. दूर गेलं की व्होल्टेज वाढतं आणि तो खायला लागतो. डायोड जिथे कमी खातो नेमकं तिथे हा जास्त खातो. ५० च्या वर्गाला सिरीज रेझिस्टन्सने भागलेली किंमत घेतली, तर पहिल्या अंदाजाने लॉस सगळीकडे सारखा होतो. २ ओहमसाठी १२५० ओहम. सिरीज रेझिस्टन्स व्होल्टेजप्रमाणे बदलतो, म्हणून ही फक्त सुरुवातीची किंमत समजा आणि मोजून जुळवा. पुढचा ॲम्प्लिफायर सॅच्युरेशनमध्ये आहे, तो सगळं कापून टाकेल, या भरवशावर राहू नका. तो ॲम्प्लिट्यूड कापतो, पण त्यातला काही भाग फेजमध्ये घालतो.

एवढा वेळ आरएफबद्दल बोललो, पण वाइडबँड मॉड्युलेटर मरतात ते बहुतेक वेळा बेसबँडच्या बाजूने. हे मी स्वतः पोळून शिकलो. माझ्या पहिल्या मॉड्युलेटरचा स्थिर आलेख इतका सरळ आला होता की मी तो छापून टेबलावर चिकटवला. मग बेसबँड दिला. १ मेगाहर्ट्झला उत्तम, आणि ३० मेगाहर्ट्झला विचलन निम्म्याच्याही खाली. दोन आठवडे हायब्रिडला दोष देण्यात गेले. कारण निघालं बायसच्या वाटेवरचा १ किलो-ओहमचा रोधक. व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरच्या जुन्या आकृतीतून मी तो सवयीने उचलला होता. तिथे तो शोभतो, कारण ट्यूनिंग हळू असतं. इथे आठ डायोड, आरएफ अडवणारे रेडियल स्टब आणि ट्रॅक मिळून सहज १५ पिकोफॅरड होतात. १ किलो-ओहमबरोबर त्यांचा कट-ऑफ १०.६ मेगाहर्ट्झला येतो. ५० ओहमच्या स्रोताने थेट चालवलं, तर तो २१० मेगाहर्ट्झच्या वर जातो. तेव्हापासून बायसच्या वाटेवरचा प्रत्येक घटक मी ताक फुंकून प्यावं तसा तपासतो. फेराइट बीडसुद्धा.

म्हणून ८.२ गिगाहर्ट्झ अडवायचं ते पाव तरंगलांबीच्या बारीक रेषेने आणि रेडियल स्टबने, रोधकाने नाही. ड्रायव्हर कसा हवा? बायस ५ व्होल्ट, आतलं अंगभूत विभव ०.८ धरलं, तर ±०.५ रेडियनसाठी रिॲक्टन्स ३३ टक्के हलवावी लागते. गामा १ ला म्हणजे ±१.९ व्होल्ट. ५० मेगाहर्ट्झला एवढ्या साइन लहरीचा स्लू रेट (व्होल्टेज बदलण्याचा वेग) प्रति मायक्रोसेकंद ६०० व्होल्ट होतो. हा अगदी किमान आकडा आहे. विकृती संकेताच्या ५० डीबी खाली हवी असेल, तर याच्या तीन-चारपट क्षमतेचा ऑप-ॲम्प घ्या आणि कपॅसिटिव्ह लोडवर तो स्वतःच डोलत नाही ना, ते आधी पाहा. ड्राइव्हचा सपाटपणाही सांभाळा. ०.१ डीबी म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्समध्ये १.२ टक्के.

चार टप्पे एकाच बिंदूवरून चालवले, तर आरएफला एका टप्प्यातून पुढच्यात जायला जो वेळ लागतो त्याचा हिशोब ठेवा. टप्प्यामागे ०.३ नॅनोसेकंद धरले, तर ५० मेगाहर्ट्झला चौघांच्या बेरजेत अर्धा टक्का घट होते. सोडून द्या. हाच मॉड्युलेटर उद्या ५०० मेगाहर्ट्झच्या बेसबँडला लावायचा ठरला, तर बेरीज जवळपास निम्म्यावर येईल. मग ड्राइव्हच्या तारेतही तेवढाच विलंब घालावा लागतो, म्हणजे बेसबँड आणि आरएफ हातात हात घालून पुढे सरकतात. प्रकाशाच्या दुनियेतले लिथियम नायोबेटचे ट्रॅव्हलिंग-वेव्ह मॉड्युलेटर याच कल्पनेवर चालतात.

आता न विचारलेला प्रश्न: हे सगळं करण्याऐवजी आय-क्यू मॉड्युलेटर (९० अंशांनी वेगळ्या दोन कॅरियर वाहिन्यांची बेरीज करणारा) का नाही? प्रामाणिक उत्तर असं की, तुमच्याकडे वेगवान डीएसी (डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप) असेल आणि संदेश मुळातच डिजिटल असेल, तर तोच घ्या. फेजचा कोसाइन एका वाहिनीत, साइन दुसऱ्या वाहिनीत, आणि विचलनाला मर्यादाच नाही. दोन वाहिन्यांत ०.१ डीबी आणि १ अंशाची तफावत राहिली, तरी इमेज (कॅरियरच्या दुसऱ्या बाजूला उठणारी नको असलेली प्रत) ४० डीबी खाली असते आणि फेजची चूक ०.६ अंशांच्या आसपास. व्हॅरॅक्टर एवढं सहजासहजी देत नाही. पण मग प्रत्येक वाहिनीला ५० नव्हे, १५० मेगाहर्ट्झ बेसबँड लागतो, डीएसीच्या घड्याळाचे स्पर (नको असलेले संकेत) सांभाळावे लागतात आणि वीज जास्त लागते.

व्हॅरॅक्टरची खरी जागा आहे ती ॲनालॉग संदेश सरळ कॅरियरवर चढवायचा असतो तिथे. खोल अंतराळातल्या यानांचे ट्रान्सपाँडर (आलेला संकेत घेऊन परत पाठवणारे रेडिओ) हे त्याचं उत्तम उदाहरण. एक्स बँडमध्ये यान वर आलेल्या कॅरियरची फ्रिक्वेन्सी ७४९ ला ८८० या गुणोत्तराने बदलून खाली पाठवतं. त्यावर टेलिमेट्री (यानाची माहिती) आणि जमिनीवरून आलेला रेंजिंगचा, म्हणजे अंतर मोजण्याचा, संकेत दोन्ही फेज मॉड्युलेशनने चढतात. तिथे मॉड्युलेटरमधला विलंब तापमानाने एक नॅनोसेकंद सरकला, तर यानाचं अंतर १५ सेंटिमीटरने चुकतं. त्यामुळे तिथला अभियंता रेषीयतेइतकाच विलंबाच्या स्थिरतेसाठी झगडतो. शिवाय तिथे कॅरियर मुद्दाम जिवंत ठेवतात, कारण अगदी क्षीण संकेतातही पकडायला तीच एक गोष्ट उरते. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळाच्या वातावरणात उतरत होतं, तेव्हा नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा त्याचा संकेत पृथ्वीवरून थेट ऐकला होता. तो उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडा आधी थांबला.

तुमच्या कामाला कॅरियर उरलेला हवा की नको, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. साइन लहरीने ±२ रेडियन दिल्यावर कॅरियर १३ डीबी खाली जातो. रिसीव्हरचा फेज-लॉक लूप हा कॅरियर पकडून ठेवणार असेल, तर हा आकडा आधी तपासा.

शेवटी मोजमाप. आधी नेटवर्क ॲनालायझरवर बायस ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी बदलून फेज आणि ॲम्प्लिट्यूड दोन्ही नोंदवा. हा स्थिर आलेख. मग स्पेक्ट्रम ॲनालायझरवर साइन लहर देऊन बेसेलचे आकडे (कॅरियर आणि साइडबँडची अपेक्षित उंची) जुळवा. ±२ रेडियनला पहिले साइडबँड मॉड्युलेशन नसतानाच्या कॅरियरच्या ४.८ डीबी खाली, दुसरे ९ डीबी, तिसरे १७.८ डीबी. ड्राइव्ह २० टक्क्यांनी वाढवला की २.४०५ रेडियनला कॅरियर नाहीसा होतो. मापन-साखळीच्या कॅलिब्रेशनशिवाय मिळणारा हा सगळ्यात भरवशाचा आकडा, कारण इथे फक्त ‘दिसतो की नाही’ एवढंच बघायचं असतं. तो पूर्ण बुडत नसेल, किंवा डावे-उजवे साइडबँड सारखे नसतील, तर ॲम्प्लिट्यूडचं मॉड्युलेशन शिल्लक आहे किंवा फेजमध्ये दुसरी हार्मोनिक आहे. १२५० च्या रोधकाने फरक पडला तर पहिलं, बायस सरकवून पडला तर दुसरं. हेच मोजमाप १, १०, ३० आणि ५० मेगाहर्ट्झला करा. कॅरियर बुडवायला लागणारं ड्राइव्ह व्होल्टेज चारही ठिकाणी एक टक्क्याच्या आत सारखं आलं पाहिजे.

चार टप्प्यांचा बोर्ड लगेच करू नका. एकच टप्पा बनवा, पॅडसकट, आणि त्याचा स्थिर आलेख काढा. त्यावरून डायोडचा खरा गामा कळेल आणि इंडक्टर कुठल्या बाजूला सरकवायचा तेही. आणि तुमच्या बायसच्या आकृतीत रोधक असेल, तर त्याची किंमत आत्ताच बघून घ्या.